दुरुस्ती, मोड आणि टाकणे

नैतिक प्रश्नांची चर्चा करताना थोर प्रसंगांचे दाखले घेण्याची परंपरा जुनी आहे. कुरुक्षेत्रावर रथ थांबवणारा अर्जुन किंवा तुरुंगातून निसटून जाण्याचा मार्ग खुला असताना विषाचा प्याला स्वीकारणारा सॉक्रेटिस यांच्यापुढील पेच मोठे होते, यात शंका नाही. परंतु असे पेच फार थोड्यांच्या वाट्याला येतात, आणि आले तरी आयुष्यात एखाद्याच वेळी. सामान्य माणसाचा मूल्यविवेक घडतो किंवा बिघडतो तो रोज हाताळल्या जाणाऱ्या किरकोळ वस्तूंच्या संगतीत. संगणकाचा माऊस ही अशीच एक किरकोळ वस्तू आहे. ती बिघडली असता दुरुस्त करावी की नवी आणावी, हा प्रश्न तत्त्वचिंतनाच्या दालनात शिरण्यास अपात्र वाटण्याचा संभव आहे. तरीही तो थोडा रेटून पाहण्याजोगा आहे. तो ज्या झटपट रीतीने सोडवला जातो, त्या रीतीतच काळाची एक सवय दडलेली आहे.

जबलपूरमधील एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे रेल्वे, तारखाते, तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने या शहरात मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार आहे. अशाच एका घरातील वृद्ध गृहस्थ सैन्याच्या ५०६ क्रमांकाच्या बेस वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांची नात घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करते. घरात येणाऱ्या पैशांत तिच्या या कामाचा वाटा लहान नाही. तिच्या माऊसचे डावे बटण काही दिवसांपासून खोडी करू लागले आहे. ते एकदा दाबले तरी संगणक दोनदा दाबल्याचे समजतो. निवडलेला मजकूर ओढून नेताना वाटेतच सुटतो आणि एखादा परिच्छेद भलत्याच पानावर जाऊन पडतो. नातीच्या दृष्टीने प्रश्न उरलेलाच नाही: नवा माऊस तीन-साडेतीनशे रुपयांना मिळतो आणि प्रकाशकाला पाने चार दिवसांत हवी आहेत. आजोबांच्या दृष्टीने मात्र प्रश्न अजून सुरूही झालेला नाही, कारण माऊस कोणी उघडूनच पाहिलेला नाही.

या बिघाडाचे स्वरूप समजून घेतले म्हणजे दोघांमधील अंतर स्पष्ट होते. बटणाच्या पट्टीखाली सुपारीपेक्षाही लहान असा एक स्विच असतो आणि त्याच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ, लवचीक पाती असते. बटण दाबले की ही पाती खाली येऊन दुसऱ्या धातूला टेकते व विद्युत्प्रवाहाची वाट पुरी होते. मात्र कोणतीही लवचीक पाती टेकताना क्षणभर थरथरते. म्हणजे यंत्राच्या बारीक नजरेला एकच स्पर्श अनेक स्पर्शांसारखा दिसतो. हे ठाऊक असल्यामुळेच माऊसमधील मंडलाला काही सहस्रांश सेकंद थांबून थरथर शमू देण्याची शिस्त लावलेली असते. लक्षावधी वेळा दाबली गेल्यावर पातीचा ताण ढिला पडतो, टेकणाऱ्या पृष्ठांवर गंजासारखा पापुद्रा धरतो, थरथर लांबते आणि थांबण्याची ठरलेली मुदत संपल्यावरही चालूच राहते. मग एका स्पर्शाचे दोन होतात. बाकी सारा माऊस धडधाकट असतो: तळाचा दिवा, त्याच्या उजेडात पृष्ठभाग वाचणारे भिंग, चाक, तार, कवच. तीन पायांवर डाख देऊन बसवलेला काही रुपयांचा एक स्विच तेवढा थकलेला असतो.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून आणि बिल इंग्लिश यांच्या हातून १९६४ च्या सुमारास तयार झालेला पहिला माऊस लाकडी होता. एका ठोकळ्याच्या पोटात काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण, इतकाच त्याचा प्रपंच. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील प्रसिद्ध प्रात्यक्षिकात जगाने माऊस पाहिला. त्या लाकडी ठोकळ्याकडे पाहून कोणत्याही सुताराला तो कसा उघडेल हे सांगता आले असते. आजच्या माऊसच्या बाबतीत तसे सांगता येत नाही. त्याचे स्क्रू बहुधा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली झाकलेले असतात आणि त्या पट्ट्या उचकटल्यावर पुन्हा पूर्वीसारख्या बसत नाहीत. म्हणजे वस्तू उघडू पाहणाऱ्याला पहिल्याच पावलाला थोडी नासधूस करावी लागते. ही रचना करणाऱ्यांच्या मनात कुटिल हेतू असेलच असे नाही, स्क्रू झाकल्याने वस्तू देखणी दिसते, एवढाच हिशेब असू शकेल. परंतु वस्तूचे आतले अंग पाहण्याची गरज तिच्या मालकाला कधी पडणार नाही, हे गृहीतक तिच्या घडणीत मुरलेले आहे.

मढातालच्या बाजारातील एखाद्या दुकानात आजोबा माऊस घेऊन गेले, तर काय उत्तर मिळेल याची कल्पना करणे कठीण नाही. "बाबूजी, खोलकर क्या कीजिएगा, नया ले लीजिए." या उत्तराबद्दल दुकानदाराला दोष देणे अन्यायाचे होईल. कारागिराची अर्धी घटका डाख देण्यात गेली, तर तिचे मोल म्हणून त्याला दीडशे-दोनशे रुपये घ्यावे लागतील. एवढे पैसे मोजून जुनाच माऊस घरी नेणारे गिऱ्हाईक विरळा.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर लिहिताना एक मार्मिक निरीक्षण मांडले होते. कारखान्यातील कामाचा वेग यंत्रांमुळे वाढत जातो, पण चार वादकांनी वाजवायच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ आणि जेवढी माणसे लागत, तेवढीच आजही लागतात. त्यामुळे कारखान्यात बनणाऱ्या वस्तूंच्या तुलनेत हे वादन वर्षागणिक महाग होत जाते. आपल्याकडे बडा ख्याल विलंबित लयीत मांडणाऱ्या गायकाबद्दलही हेच म्हणता येईल. डाख देणारा कारागीर या अर्थाने गायकाचा सोबती आहे. नवा माऊस घडवण्याचा वेळ यंत्रांनी नगण्य करून टाकला. बिघडलेल्या माऊसमधील दोष शोधण्यास मात्र एका माणसाचे डोळे, एका माणसाचे हात आणि त्याचे लक्ष पूर्वीइतकेच लागते. दुरुस्ती महाग झाल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. खरे पाहता दुरुस्ती जिथल्या तिथे आहे आणि वस्तूची किंमत तिच्या पायाखालून निसटून गेली आहे.

तेव्हा अंकगणित नातीच्या बाजूचे आहे. आजोबांपाशी काय आहे? त्यांच्यापाशी एका शहराची सवय आहे, असे म्हणावे लागेल. जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली आणि वाहन निर्माणी १९६९ साली उभी राहिली. शक्तिमान मालमोटारी येथे बनल्या. जोंगा या गाडीचे तर नावच जबलपूर आणि तोफगाड्यांचा कारखाना यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेले. तिचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले, पण लष्कराच्या लिलावांतून सुटलेल्या जोंगा पुढेही अनेक वर्षे मुलकी रस्त्यांवर धावत राहिल्या. अशा शहरातील बेस वर्कशॉपमध्ये ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या तोंडी 'बी. ई. आर.' ही तीन अक्षरे सहज असतात. 'बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर', अर्थात दुरुस्ती परवडण्याच्या पलीकडे गेलेले, असा त्यांचा अर्थ. त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते: दुरुस्तीचे घर मानल्या जाणाऱ्या त्या आवारातही प्रत्येक वस्तू दुरुस्तच झाली पाहिजे असा हट्ट नव्हता. तेथेही परवडण्याचा हिशेब होता आणि वस्तू निकालात निघत होत्या. मात्र ती अक्षरे एखाद्या वस्तूला लागत ती तपासणीनंतर. कोणीतरी ती पाहिलेली असे, कुठे काय गेले याची नोंद केलेली असे आणि मग निर्णय होत असे. माऊसच्या बाबतीत निर्णय आधीच झालेला आहे आणि तपासणी कायमची रद्द झाली आहे. आजोबांच्या अस्वस्थतेचे मूळ येथे आहे. बदलण्याला त्यांचा विरोध नाही. न पाहता बदलणे त्यांच्या हातांना मानवत नाही.

मराठी भाषेने या बाबतीत काही भेद फार पूर्वीच करून ठेवले आहेत. 'दुरुस्त' हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ योग्य, बरोबर, ठीक असा. म्हणून दुरुस्ती ही वस्तूपुरती मर्यादित राहिली नाही. मुद्रितांची दुरुस्ती होते, हिशेबाची होते, आणि राज्यघटनेचीही होते. इंग्रजीत ज्या प्रक्रियेला निराळे नाव आहे, तिला मराठीने घटनादुरुस्ती म्हटले आणि अशा शंभरांहून अधिक दुरुस्त्या स्वीकारलेली घटना हीच मूळची घटना आहे असे मानले. दुरुस्तीत दोन कबुल्या एकदम असतात: वस्तूत दोष आहे ही एक, आणि दोष म्हणजे सारी वस्तू नव्हे ही दुसरी. एखाद्या नौकेच्या फळ्या एकेक करून बदलल्यावर ती तीच नौका राहते काय, हा ग्रीकांचा प्रश्न, किंवा रथ म्हणजे चाक की आस की जू, हा मिलिंद राजाला नागसेनाने घातलेला कोडा येथे अनेकांना आठवेल. पण या दोहोंचा प्रस्तुत विषयाशी असलेला संबंध वरवरचा आहे. एक स्विच बदललेला माऊस तोच की दुसरा, याने कोणाचेही काही अडत नाही.

अधिक मोलाचा आहे तो 'मोड' हा शब्द. तांब्यापितळेचे भांडे झिजले, चेपले, त्याला भोक पडले, म्हणजे आधी कासाराकडून वा तांबटाकडून ते सांधून घेतले जाई आणि कल्हईवाला आला की त्याला कल्हई लागे. तेही शक्य राहिले नाही तर भांडे मोडीत जाई. ते तोलले जाई, धातूचा भाव वजा होई आणि वरचे पैसे भरून नवे भांडे घरात येई. मोडीत गेलेल्या भांड्याचा धातू पुन्हा भट्टीत आणि तेथून पुन्हा कोणाच्या तरी चुलीवर पोहोचे. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण याच व्यवस्थेतली. म्हणजे जुन्या घरात पर्याय दोन होते, दुरुस्ती आणि मोड. आणि या दोहोंतही वस्तू जगाच्या रहाटीतून बाहेर पडत नसे. आज 'मोडीत काढणे' या शब्दप्रयोगाला निकामी ठरवून फेकून देण्याचा अर्थ चिकटला आहे. शब्द राहिला आणि त्यामागचा तराजू गेला.

तिसरे क्रियापद 'टाकणे' हे आहे आणि ते कठोर आहे. टाकाऊ, टाकून दिलेले, उकिरड्यावर टाकलेले अशी त्याची रूपे. ज्या समाजाने हे क्रियापद वस्तूंपुरते ठेवले नाही आणि नवऱ्याने सोडलेल्या बाईला सरळ 'टाकलेली' म्हटले, त्या समाजाला वस्तू जपण्याच्या संस्कृतीचा अभिमान मिरवताना थोडे अडखळायला हवे. भांड्याची मोड तोलून घेणाऱ्या याच घरांनी माणसे मात्र न तोलता, न विचारता टाकली. परंपरेत सारेच जपले जात होते, असे भाबडे चित्र रंगवणाऱ्यांनी हा शब्द विसरू नये. तरीही 'टाकणे' या क्रियेत विचारपूस नाही, ही भाषेची समज खरी आहे. दुरुस्तीला दोष पाहावा लागतो, मोडीला वजन पाहावे लागते. टाकण्याला काहीच पाहावे लागत नाही. आजचा माऊस बदलला जातो, असे म्हणणे हा सौम्य शब्दांचा आधार आहे. प्रत्यक्षात एक विकत घेतला जातो आणि एक टाकला जातो.

टाकलेल्या वस्तूची जागा कोणती, हा प्रश्न ज्याने गंभीरपणे विचारला असा एक हिशेबनीस या शहराच्या कारागृहात राहून गेला, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. जो. कॉ. कुमारप्पा हे तंजावरचे. लंडनमध्ये लेखापरीक्षणाचे शिक्षण घेतलेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केलेले. १९२९ साली ते गांधीजींकडे आले आणि पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी उभे केले. १९४२ च्या आंदोलनानंतरच्या बंदिवासात, जबलपूरच्या मध्यवर्ती कारागृहात, त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हा ग्रंथ लिहिला. तो १९४५ मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्याच कारागृहाला आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. नेताजींनाही तेथे बंदिवास घडला होता.

कुमारप्पांच्या विवेचनाचा गाभा एका भेदात आहे. निसर्गात काही गोष्टी वाहत्या आहेत: नदीचे पाणी, जंगलातील वाढते लाकूड. काही साठलेल्या आहेत: कोळसा, खनिज तेल, धातूंची खनिजे. वाहत्यावर उभे राहिलेले जगणे टिकाऊ असते. साठ्यावर उभे राहिलेले जगणे साठ्याबरोबर संपते, आणि संपण्याआधी त्या साठ्यासाठी भांडणे लावते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुरुंगात बसून लिहिणाऱ्या माणसाला या विधानासाठी पुरावे शोधण्याची गरज नव्हती. कुमारप्पांचा दुसरा आग्रह असा, की किंमत हे मूल्याचे संपूर्ण माप नव्हे आणि एखादी वस्तू विकत घेणारा तिच्या घडणीमागच्या परिस्थितीचाही अंशतः जबाबदार ठरतो. हिशेबाच्या वहीचा ज्याला तिटकारा आहे अशा कवीचे हे मत नाही, हे मुद्दाम नमूद करायला हवे. वही कशी लिहितात हे पुरते जाणणाऱ्या लेखापरीक्षकाने वहीत कोणती रकाने छापलेलीच नाहीत, हे दाखवले आहे.

माऊसच्या वहीत न छापलेले रकाने पुष्कळ आहेत. त्याच्या तारेतील तांबे साठ्यातले आहे, कवचाचे प्लास्टिक खनिज तेलातून आलेले आहे, डाखातील कथील कुठल्यातरी खाणीतले आहे. हे सारे तीनशे रुपयांत बसले ते साठ्याला मोल नाही असे धरल्यामुळे. दुसऱ्या टोकाची गोष्ट अशी. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनश्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. भारतात यासंबंधीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून संगणक त्याच्या जोडसाधनांसह त्यांच्या कक्षेत येतो. कागदावर माऊसला जागा मिळाली, हे चांगलेच झाले. पण गल्लीत हाळी देत येणारा कबाडी लोखंड घेतो, रद्दी घेतो, पितळ तर आनंदाने घेतो. सुटा माऊस तो हातात फिरवून परत देतो किंवा उपकार म्हणून पोत्यात टाकतो. तराजूत घालण्याजोगे त्यात फार थोडे असते. पितळी तांब्याला मोड होती, माऊसला ती नाही. त्यामुळे आजोबांच्या लहानपणी असलेल्या दोन पर्यायांपैकी एक बाजाराने महाग केला आणि दुसरा वस्तूच्या घडणीनेच नाहीसा केला.

येथवर पलडा आजोबांकडे झुकल्यासारखा दिसेल. मात्र नातीची बाजू दुबळी नाही आणि ती केवळ उतावळेपणाची तर मुळीच नाही. दुरुस्तीचे गोडवे गाणाऱ्यांना पुष्कळदा हे आठवत नाही, की बहुसंख्य माणसांनी दुरुस्ती केली ती नाइलाजाने. ठिगळाला ठिगळ लावून जिने गोधडी शिवली तिला नवे पांघरूण मिळाले असते तर तिने ते नाकारले नसते. आज त्या गोधडीची कलावस्तू झाली आणि ती दिवाणखान्यात टांगली गेली, हे शिवणाऱ्या हातांचे समाधान नव्हे. सुखवस्तू माणसाची दुरुस्ती हा छंद असतो, गरिबाची दुरुस्ती ही शिक्षा असू शकते, आणि दोहोंना एकच नैतिक माप लावणे उद्धटपणाचे ठरेल. शिवाय नातीचा वेळ हाही साठ्यातलाच आहे. तो वाहत येत नाही. परिच्छेद चुकीच्या पानावर पडला आणि तो तसाच छापला गेला, तर त्याची किंमत तिलाच मोजावी लागेल. सदोष साधन चालवून घेण्यात कसलाही मोठेपणा नाही. "आजोबा, तुम्ही उघडा हवा तर, पण माझी पाने थांबायची नाहीत," असे ती म्हणाली, तर त्या वाक्यात अनादर नाही. त्यात पोटाचा हिशेब आहे.

काका कालेलकरांनी सांगितलेली गांधीजींच्या पेन्सिलीची आठवण अशा वेळी हटकून पुढे केली जाते. गांधीजी एक लहानसा तुकडा शोधत होते. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती गांधीजींनी घेतली नाही, कारण हरवलेला तुकडा मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेला होता. आठवण हृद्य आहे, पण येथे ती उपयोगी पडत नाही. त्या पेन्सिलीला दात्याचे नाव होते. आजीचा पितळी तांब्या, वडिलांचे मनगटी घड्याळ, थोरल्या बहिणीची संवादिनी यांच्या दुरुस्तीमागे स्मृती उभी असते आणि स्मृतीसमोर कोणी दर विचारत नाही. माऊसवर कोणाचेही प्रेम नसते. तो कोणी भेट दिलेला नसतो, त्याच्याशी एकही प्रसंग निगडित नसतो, एकासारखा दुसरा तंतोतंत असतो. म्हणूनच कसोटी म्हणून तो पेन्सिलीपेक्षा अधिक कडक आहे. जी वस्तू कोणालाच प्रिय नाही, तिचे काही देणे लागते काय?

वस्तूला हक्क असतात असे म्हणण्याची गरज नाही. तसे म्हणणे काव्यात शोभेल, विवेचनात नाही. देणे असलेच तर ते वस्तूच्या मागे उभ्या असलेल्यांचे आहे. ज्यांनी ती जोडली त्या दूरदेशीच्या कारखान्यातील हातांचे, ज्यांच्या जमिनीखालून खनिज निघाले त्यांचे, आणि ती टाकल्यावर तारा जाळून तांबे वेगळे करताना ज्यांच्या श्वासात धूर जाईल त्यांचे. हे सारे अनोळखी आहेत. त्यांच्याशी संबंध येतो तो एवढ्या एका मुठीएवढ्या वस्तूतून, आणि ती वस्तू उघडून न पाहणे म्हणजे तो संबंधच आलेला नाही असे धरणे. दुरुस्ती केल्याने या अनोळखी माणसांचे भले होतेच, असा दावा करता येणार नाही. एक माऊस वाचला म्हणून खाण बंद पडत नाही. पण पाहिल्यानंतर घेतलेला निर्णय आणि न पाहता घेतलेला निर्णय यांत फरक आहे, मग दोहोंचा शेवट नवा माऊस आणण्यातच का होईना. न्यायाधीशाने पुरावा वाचून दिलेली शिक्षा आणि न वाचता दिलेली शिक्षा एकच असली, तरी तिला एकच न्याय कोणी म्हणत नाही.

यात आणखी एक, काहीशी स्वार्थी म्हणावी अशी बाजू आहे. जिचे आतले अंग कधी पाहिले नाही अशा वस्तूचा मालक हा एका अर्थाने तिचा केवळ भाडेकरू असतो. नातीच्या हाताखाली दिवसाचे आठ तास जी वस्तू फिरते, तिच्यात बिघाड होतो तेव्हा तिला फक्त बाहेरचा परिणाम दिसतो, आणि मग दोष आपल्या हाताचा, संगणकाचा की तारेचा या संभ्रमात दिवस जातात. आजोबांना संगणकातले काही कळत नाही, पण दोष नेहमी कुठेतरी एका ठिकाणी असतो हे त्यांना पक्के ठाऊक आहे. ही श्रद्धा लहान नव्हे. दोष सर्वत्र आहे असे वाटू लागले की माणूस वस्तू टाकतो. पुढे संस्था टाकतो, नाती टाकतो. तो एका ठिकाणी आहे असे वाटले तर निदान शोधायला बसतो.

या घरात पुढे काय घडेल ते अशा रीतीने कल्पिता येईल. नात दुसऱ्या दिवशी नवा माऊस आणते आणि कामाला लागते. आजोबा जुना माऊस आपल्या टेबलावर घेतात. दाढीच्या पात्याने तळाच्या पट्ट्या उचलतात, त्यांतली एक फाटते. स्क्रू निघतात, कवच उघडते, आत बटणांखाली दोन स्विच शेजारी शेजारी दिसतात. सारख्याच बनावटीचे, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा. डावा हजारो पानांच्या कामात झिजलेला, उजवा क्वचितच दाबला गेल्यामुळे जवळपास नवा. बाजारात स्विच शोधत फिरण्याची गरज नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात येते. दोन्ही उखडून त्यांची अदलाबदल करावी, एवढाच उपाय. वर्कशॉपमध्ये एका गाडीचा सुटा भाग दुसरीला लावताना जे केले तेच, फक्त फार लहान आकारात. हात पूर्वीसारखा स्थिर नाही. भिंग लावूनही डाखाचा एक थेंब नको तिथे पडतो आणि तो खरवडण्यात दुपार जाते.

संध्याकाळी नात त्यांच्या हातातून माऊस घेऊन संगणकाला जोडते. डावे बटण एकदा दाबल्यावर एकदाच दाबले जाते. उजवे बटण आता अधूनमधून दोनदा दाबले जाते, आणि फाटलेल्या पट्टीमुळे माऊस एका कोपऱ्यावर किंचित घासतो. ती तो उलटा करून पाहते, कोणता स्क्रू कुठे होता हे विचारते, आणि घासणाऱ्या कोपऱ्याखाली चिकटवायला एखादा गुळगुळीत कागद शोधू लागते.